एक जानेवारी

खडकी बाजारात, टपाल कचेरीसमोर माझं झेरॉक्सचं दुकान.
दोन रुपये पान, पाठपोट तीन,
लॅमिनेशन वीस.
पाटीवर ‘माजी सैनिक’ पोराने लिहून घेतलं.
मी म्हणालो होतो, नको.

विश्रांतवाडीहून एक मुलगी आली. उंच.
चौकटीखाली सवयीने वाकलेली.
रहिवासाच्या नोंदणीसाठी सात प्रती.
“काका, पाठपोट,” म्हणाली, आणि तो शब्द
तिच्या तोंडी इतका स्वच्छ, की मी चष्मा काढून बघितलं.

कागद काचेवर पालथा घालताना दिसलं:
नाव न्याबोल. जन्मतारीख एक जानेवारी.

ही तारीख मला ठाऊक आहे.
आमच्या छावणीत नोंदणीला एक कारकून बसायचा,
घामाने त्याच्या वहीतली शाई फुटायची.
विचारायचा, जन्म केव्हाचा?
आई सांगायची, पूर उतरला तेव्हाचा.
आई सांगायची, तांबडी गाय व्याली त्याच्या आदल्या चंद्राचा.
आई नसली तर पोर नुसतं बघायचं.
तो लिहायचा: एक जानेवारी.
हजारो लेकरं एकाच दिवशी जन्मली
आमच्या तारेच्या आत.

तार मी ओढली होती.
सॅपर माणूस. खंदक, बांध, काटेरी वेटोळी, फाटक.
डोक्यावर निळं हेल्मेट, त्यावर पांढरी अक्षरं,
लांबून दिसावीत म्हणून.
त्या रात्री ती लांबून दिसली.
सगळं गाव फाटकाशी आलं.
मागे आग, आणि आगीच्या अलीकडे
नावं विचारत फिरणारी माणसं.
नाव दुसऱ्या बोलीतलं निघालं
की पुढचं काही विचारत नव्हते.

हुकूम होता: वरून होकार येईतो फाटक बंद.
वर म्हणजे वायरलेस. वायरलेसच्या वर राजधानी.
राजधानीच्या वर समुद्रापलीकडे एक टेबल,
तिथं बहुधा जेवणाची सुट्टी चालू असावी.
किल्ली माझ्या कमरेला.
एका बाईने तारेतून हात घालून
मनगटी घड्याळ पुढे केलं.
तिला वाटलं, मी पैसे मागतोय.

चाळीस मिनिटं.

मग उघडलं. आत आले अकरा हजार.
अहवालात अकरा हजार आहेत,
मेडलच्या कागदावर अकरा हजार आहेत.
मेडल गल्ल्यात असतं, पिनांच्या डबीशेजारी.

बोपोडीच्या शाळेत पंधरा ऑगस्टला बोलावतात.
एका पोराने विचारलं, आजोबा, तुम्ही किती मारले?
एकही नाही, म्हणालो.
पोरं हिरमुसली. बाई म्हणाल्या, टाळ्या.
किती वेळ थांबलात, हे कुणी विचारत नाही.
परक्याच्या भांडणात आपण जावंच कशाला,
हे मात्र मेहुणा विचारतो, दर दिवाळीला, चकली मोडत.
मी म्हणतो, गेलो होतो की रे.
दारापर्यंत गेलो होतो.

सात प्रती झाल्या. यंत्राने आठवी काढली, तिरकी.
ती तिच्यासमोरच फाडली.
कुणाचा कागद दुकानात ठेवायचा नाही.
विचारायचं होतं: त्या रात्री तू कुठे होतीस, बाळ,
तारेच्या कुठल्या बाजूला, कितव्या मिनिटाला.
“एकवीस रुपये,” म्हणालो.
तिने मोजून दिले, मी मोजून घेतले.
सोडले असते, तर तिने कारण विचारलं असतं.

साडेनऊला शटर ओढतो.
अर्ध्यावर आणून जरा थांबतो.
बायको म्हणते, आख्ख्या खडकीला कळलंय,
ढमढेरेंचं दुकान बंद होता होत नाही.
परवा असंच अर्धं खाली होतं.
फटीत दोन चपला येऊन उभ्या राहिल्या.
“काका, एकच पान आहे. उद्या येऊ?”

किल्ली हातात होती.
शटर वर ढकललं.
एवढा आवाज झाला,
की समोरचा पानवाला धावत आला, काय पडलं म्हणून.